पूस अक्षर नको

अहो, तुम्हाला गप्प बसलेलं मी परवा पहिल्यांदाच बघितलं. आपल्या लिंगायतांत मयताला बसवूनच नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठीला टेकू. बायका रडत होत्या, बाहेर टाळ वाजत होते, आणि तुम्ही कुणाचं बोलणं न तोडता बसला होता. तुमच्या आक्का माझा दंड घट्ट धरून होत्या. त्यांना वाटत होतं, गिरिजा आता कोसळणार. मी कुठली कोसळते! मी तुमच्या तोंडाकडं बघत होते, की हे मिटलेलं कसं दिसतंय. बरं दिसत होतं.

रडू आलंच नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी आलं, न्हाणीघराच्या कोनाड्यात तुमचा चष्मा सापडला तेव्हा. जन्मभर चष्म्यावरून माझ्या नावानं ओरडलात, आणि तो ठेवायचात तुम्हीच. काचेवर साबणाचा शिंतोडा वाळला होता. पदरानं काच साफ करताना हुंदका फुटला, आणि त्याच हुंदक्यात तुम्हाला दोन शिव्यापण घातल्या. देवा-धर्माचे दिवस आहेत, शिव्या देऊ नयेत. पण तोंडातून गेल्या.

माणसं येतायत अजून. राजारामपुरीतल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासची जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, पोटं सुटलेली. "सरांनी घडवलं", "सर होते म्हणून". मी मान डोलावते. काल एक आला, पुण्याला मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे. सतरंजीवर मांडी घातली, तुमच्या फोटोला नमस्कार केला, आणि सुतकी चेहरा सांभाळता सांभाळता फिसकन हसला. "काकू, सरांची ती पूस-अक्षरची गोष्ट! काय हसायचो आम्ही, बाप रे!" मग त्याच्या ध्यानात आलं, की गोष्टीतली बाई समोरच बसलीय. त्यानं चहाचा कप तोंडाला लावला तो खाली घेईचना.

हे मागं ठेवून गेलात बघा. पोरांना सी शिकवलंत आणि माझी एक चूक शिकवलीत. सी पोरं विसरली. चूक सगळ्यांना पाठ आहे.

आणि ती चूक माझी नव्हती. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. एवढं एकदा तोंडानं म्हणा, एवढंच मी मागत होते. दागिना मागितला नाही, काशी-रामेश्वर मागितलं नाही. "गिरजे, तुझी चूक नव्हती." चार शब्द. त्यात काय तुमची पगडी खाली पडणार होती?

आता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, तर सगळं पहिल्यापासून मांडते. तुमच्याच पद्धतीनं, खडू हातात घेतल्यासारखं. तुम्ही फळ्यापुढं उभं राहायचात आणि म्हणायचात, "पोरांनो, कमांड म्हंजे हुकूम. मशीन म्हंजे आपला गडी. गड्याला हुकूम सोडला की त्येला कळाय पायजे, काय करायचं, कशावर करायचं आणि कसं करायचं. कशावर, ते आर्ग्युमेंट. कसं, त्यो ऑप्शन. आता हितं सगळेच शब्द सारखे दिसत्यात, मग ऑप्शन वळखायचा कसा? त्येच्या कपाळाला आडवी रेघ असती. आमच्यात विभूती लावत्यात तशी." पोरं हसायची आणि जन्मात विसरायची नाहीत. शिकवण्यात तुमचा हात धरणारा कोल्हापुरात कोण नव्हता, हे मी आजही म्हणते. डॉसवर सगळा गाव तिरकी रेघ द्यायचा. तुम्ही आडवीवर अडून बसलात, कारण लग्नाआधी बंगळूरला आडव्या रेघेच्या युनिक्सवर हात बसवून आला होता आणि ते सगळ्यांना कळायला पाहिजे होतं.

मलाही तुम्हीच शिकवलंत. मी हुपरीची. घरात चांदीचं काम, अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, शेजारी बसून पैंजणाला घुंगरं डाग देऊन जोडायला शिकले. कॉलेज केलं, बी.एस्सी. झाले, पण सासूबाईंच्या लेखी सून म्हणजे भाकरी. तुम्ही त्यांना तोंडावर म्हणालात, "अव्वा, हिची बोटं घुंगरावर वाढल्यात. बारीक कामाची बोटं हायती. ही मशीनवर बसणार. भाकरी मी थापतो पायजे तर." एकदा थापलीतही, आणि ती कुत्र्यानं पण खाल्ली नाही. पण त्या दिवसापासून सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला कुठल्या नवऱ्यानं बायकोसाठी आईशी असं भांडण काढलं असेल? हे मी विसरलेले नाही. मशीनपुढं बसवलंत तुम्ही, म्हणूनच त्याच मशीनवरून मला हसलात ते जास्त लागलं.

तेव्हा आपल्या प्रिंटरला मराठी यायचं नाही. दूध संस्थेची नोटीस असो नाहीतर कुणाचं बारसं, सगळं इंग्रजी अक्षरांत नाहीतर हातानं. मी चौकटीच्या कागदावर ठिपके भरून अक्षरं काढायला लागले. एकेका अक्षराची एकेक फाईल. क सोपा वाटतो, पण त्याचं पोट आणि त्याची शेपटी एकमेकांना ओढतात. र लंगडा दिसायचा. ळ तर मला रडवायचा, दोन्ही वाटोळे सारखे करायला गेलं की तो चष्म्यासारखा दिसायचा. ठिपका हलवायचा, छापून बघायचं, परत हलवायचा. वर्षाहून जास्त गेलं त्यात. दुपारची भांडी झाली की मी आणि माझे ठिपके. ती अक्षरं पुरी झाली की त्यांना माझ्या अव्वाचं नाव द्यायचं ठरवलं होतं. अव्वाला वाचता येत नव्हतं. तिचं नाव तिच्यासमोर छापून धरायचं, आणि म्हणायचं, अव्वा, हे तुझंच काम आहे, फक्त चांदी नाही.

एकदा तुम्ही मागं येऊन उभं राहिलात. ळ बघितलात, डोकं वाकडं करून परत बघितलात, आणि म्हणालात, "गिरजे, ळ झकास बसलाय की गं!" त्या एका वाक्यावर मी अख्खा श्रावण काढला, माहीत आहे तुम्हाला?

मग तुमचा तो 'पूस'. पोरं लई हुशार झाली होती, मशीनवरनं पुसलेली प्रश्नपत्रिका परत उकरून काढायची. म्हणून तुम्ही स्वतःचा पुसायचा प्रोग्राम लिहिलात. तो नुसतं पुसायचा नाही, वरून शून्यांचा नांगर फिरवायचा. परत काही उगवायचं नाही. टाइप करायचं इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. पूस, आणि पुढं फाईलचं नाव. आणि एक ऑप्शन ठेवलात, आडवी रेघ आणि न. न म्हणजे नको. म्हणजे पुसू नको, काय काय पुसलं जाईल ते नुसतं दाखव. केवढं कौतुक होतं तुम्हाला त्याचं! "साहेबाच्या पोराला जमणार न्हाय, हुकूम मराठीत!" म्हणून आल्यागेल्याला दाखवायचात.

आणि चुकीचं काही टाइप केलं की तुमचा प्रोग्राम शिव्या द्यायचा. दुसऱ्यांचे प्रोग्राम सांगतात, असं नाही, असं लिहा. तुमचा सांगायचा, पावणं, डोळं उघडा. ते वाचून पोरं खूश व्हायची. मला तेव्हाही वाटायचं, मशीनला तुमचा स्वभाव लावायची काय गरज होती?

त्या सकाळी डिस्क भरली होती. वर्ग सुरू व्हायचा होता आणि तुम्ही बाहेरूनच ओरडलात, "जुनं-पानं काय असंल ते पूस लवकर, मला जागा पायजे!" अक्षर नावाच्या एकाच कप्प्यात माझी सगळी अक्षरं होती, कच्ची होती ती आणि पक्की झालेलीही. म्हटलं, आधी बघावं काय काय आहे, मग कच्ची तेवढी निवडून काढावी. म्हणून तुमचा लाडका ऑप्शन वापरला. टाइप केलं, पूस अक्षर -न.

पूस, अक्षर, नको. माझ्या मनात काय होतं हे शेंबड्या पोराला कळेल. अक्षर पुसू नको. आपण मराठीत नको कुठं म्हणतो? शेवटी. जेवू नको, जाऊ नको, रडू नको. आधी काय ते सांगायचं आणि मग नको. हात आपोआप गेला माझा शेवटी.

तुमच्या प्रोग्रामला शेवटपर्यंत ऐकायची सवय नव्हती. तो डावीकडून एकेक शब्द बघायचा. रेघवाला शब्द असेल तोवर ऑप्शन. पहिला बिनरेघेचा शब्द आला, की झालं, ऑप्शन संपले, पुढचं सगळं फाईलींची नावं. त्याला 'अक्षर' दिसला आणि त्यानं कान मिटले. अक्षरं पुसली. वरून नांगर फिरवला. आणि सगळं उरकल्यावर माझा 'नको' उचलला आणि त्या नावाची फाईल शोधायला गेला. अर्थात सापडली नाही. मग पडद्यावर आलं, '-न नावाची फाईल न्हाय. पावणं, डोळं उघडा.' इंग्रजी अक्षरांत आलं ते. मराठी अक्षरं तेवढ्यात संपली होती.

मला आधी कळलंच नाही. मी यादीची वाट बघत बसले.

तुम्ही आलात, पडद्याकडं बघितलंत, आणि हसलात. अहो, हसलात! "ऑप्शन आदी द्यायचा असतोय की गं येडे! सगळी अक्षरं घालवलीस न्हवं आपल्या हातानं?" फ्लॉपीवर एक नक्कल होती, ती आणली तर फ्लॉपीला बुरशी. कोल्हापूरचा पावसाळा, काय टिकतं त्यात? मी भिंतीला टेकून खाली बसले. तुम्ही घड्याळ बघितलंत, बॅच आली होती. "आता रडून काय उपेग? परत काढ. हात मोडल्यात का तुझे?" असं म्हणून दारावरचा पडदा सारलात आणि शिकवायला गेलात. कसलं शिकवलंत त्या दिवशी! तुमचा आवाज पार चौकापर्यंत जात होता.

परत काढली नाहीत मी. तुम्हाला ते कधी समजलं नाही. तुम्ही म्हणायचा, "एकदा काढलीस म्हंजे दुसऱ्यांदा सोपं." भाकरी आहे का ती? पुढं माझी अव्वा गेली, तेव्हा तर कारणच उरलं नाही. तुम्ही माझ्या वाढदिवसाला विकतचा मराठी फॉन्ट आणून दिलात, चांगल्या मनानं दिलात हे मला कळत होतं, रिबिन पण बांधली होती. त्यातला ळ मात्र मला बघवायचा नाही. पोट दुखत असल्यासारखा दिसायचा तो. त्याच फॉन्टात मी पुढं गावाच्या पत्रिका छापल्या.

बरं, एकदा हसलात, झालं, नवरा माणूस आहे म्हणून मी गिळलं असतं. पण पुढच्या बॅचला तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत. आपल्यामध्ये प्लायवूडची एक भिंत. पलीकडं तुमचा वर्ग, अलीकडं मी टायपिंग करत बसलेली. "आमच्या वळखीत एक बाई हायती," इथून सुरू व्हायचं. ओळखीत! "बी.एस्सी. बरं का! तिनं एक दिवस हुकूम सोडला..." मग खडूचा आवाज. पूस अक्षर -न. मग तुम्ही थांबायचात. पोरांना कळायला वेळ द्यायचात, तेवढं बरोबर जमायचं तुम्हाला. मग हशा. मला भिंतीआडनं कळायचं, कोण पोरगं आधी हसलं आणि कोण दुसऱ्याचं बघून. दर बॅचला, दर वर्षी. शेवटी शेवटी पुढचं वाक्य तुमच्या आधी माझ्या ओठांवर यायचं.

"का सांगताय?" मी विचारलं. "नाव कुठं घेतो मी तुझं?" म्हणालात. जसं काही पोरांना ठाऊक नव्हतं, पलीकडं कोण बसतंय ते.

भांडणं केली मी. खूप केली. स्वयंपाकघरात, कुरुंदवाडला तुमच्या आक्कांकडं जाताना स्कूटरवर मागं बसून, आजारपणात सुद्धा. मी म्हणायचे, मराठीत नको शेवटी येतो. तुम्ही म्हणायचात, "'नको पुसू' असं बी म्हणत्यात की." म्हणतात, अहो. ओरडताना म्हणतात. पोरगं चुलीकडं धावलं तर 'नको हात लावू'. शांतपणानं सांगताना नको शेवटीच येतो. आणि मला या घरात ओरडायची मुभा कुणी दिली होती? मग तुम्ही म्हणायचात, "मशीन मराठी न्हाय गिरजे." मशीन नाही, पण तुमचा प्रोग्राम मराठीच होता की. न म्हणजे नको, हे नाव साहेबानं ठेवलं होतं का? नाव ठेवायचं आपल्या भाषेतलं आणि जागा द्यायची दुसऱ्याच्या भाषेतली. इथं आलं की तुम्ही उठायचात, जाता जाता पंखा बंद करायचात आणि बाहेर पडायचात. उन्हाळ्यात सुद्धा. उत्तर नसलं की पंखा बंद.

मी स्वतः तो प्रोग्राम दुरुस्त करून दाखवला. फार नव्हतंच करायचं. आधी सगळी ओळ वाचायची. रेघवाले शब्द कुठंही असोत, उचलून एका बाजूला ठेवायचे, फाईलींची नावं दुसऱ्या बाजूला. आणि सगळं ऐकून झाल्यावरच हात चालवायचा. तुम्ही माझ्या खांद्यावरनं बघितलंत. चाललं. आधी दिला तरी चालला, शेवटी दिला तरी चालला. तुम्ही काय म्हणालात? "असं केलं तर माणसं शेफारत्यात. चुकलं की फटका बसलाच पायजे, त्येबिगार शिकत न्हाईत." आणि माझा प्रोग्राम पुसलात. हो, त्याच पूसनं. आधी ऑप्शन देऊन यादी बघितलीत, मग पुसलात.

मग पुढं तुमचा एक जुना विद्यार्थी लिनक्सची सीडी घेऊन आला. सगळ्या मशीनवर चढवून दिलं त्यानं. मी मुद्दाम चहा घेऊन उभी राहिले. तो तुम्हाला दाखवत होता, "हे बघा सर, फाईलीचं नाव आदी दिलं, ऑप्शन मागनं दिला, तरी चालतंय. आधी समदी ओळ वाचून घेतंय हे." तुमचा चेहरा बघायला मी बशी खाली ठेवली. जगातल्या हुशार माणसांनी माझ्यासारखंच केलं होतं, आणि त्यांना मराठीचा गंधही नव्हता. मला वाटलं, आता तरी. आता तरी माझ्याकडं वळून म्हणतील. तुम्ही चहा प्यायलात आणि त्याला विचारलंत, "हे बंद कसं करायचं?" होती म्हणे त्यात तशी सोय. एक सेटिंग केलं की परत जुनं, कडक वळण. तुम्ही क्लासच्या एकेका मशीनवर जाऊन स्वतःच्या हातानं ते सेटिंग केलंत. हट्ट असावा, पण किती?

नुसत्या मशीनचं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही माणसांनाही तसंच ऐकत होता. पहिला कामाचा शब्द कानावर पडला की तुमचं ऐकणं संपलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी म्हणाले, "मला पिवळा रंग," तेवढ्यात तुम्ही "ठाऊक हाय, ठाऊक हाय" म्हणून उठलात आणि पिवळंधमक लुगडं घेऊन आलात. मला म्हणायचं होतं, मला पिवळा रंग शोभत नाही. जन्मभर पिवळ्या साड्या नेसले मी. तुमच्या आक्का आजही पिवळीच देतात, आमच्या गिरिजेला पिवळं लई आवडतं म्हणून. 'हुपरीला राहायला जाते, चालेल का' असं मी विचारायचे, त्यातलं 'जाते' ऐकलं जायचं, 'चालेल का' ऐकलं जायचं नाही. लोकांना हे विनोदी वाटेल. मलापण वाटतं कधी कधी. पण रोज, अहो. रोज माझं अर्धं वाक्य वाया जायचं.

दवाखान्यातसुद्धा तेच. डॉक्टर आले, म्हणाले, "सर, आज तुम्हाला घरी सोडणं मला बरोबर," आणि तुम्ही पाय खाली सोडून चप्पल शोधायला लागलात. "वाटत नाही," डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं. मी हसले. तुम्हीपण हसलात. परत पाय वर घेतलेत आणि चादर सारखी केलीत. एक चप्पल माझ्या हातात होती, दुसरी कॉटखाली गेलेली. ती काढायला मी वाकले होते, तेवढ्यात तुम्ही बोललात.

"गिरजे. ती अक्षरं..."

मी तशीच वाकून राहिले. उठले तर गप्प व्हाल अशी भीती.

"ती चूक तुझी..."

आणि दार उघडलं. नारळपाणी घेऊन तुमचा कोण जुना विद्यार्थी. "सर, काय हे!" म्हणत आत आला आणि खुर्ची ओढून बसला. तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात. पाऊस कसा लांबला. त्याच्या पोराला कुठल्या कॉलेजात घालावं. नवीन पोरांना सी का जमत नाही. मी चप्पल मांडीवर घेऊन बसले होते. माझं सगळं लक्ष एका शब्दावर लागलं होतं. तुझी हुती, का तुझी न्हवती? आपल्या भाषेत निकाल शेवटच्या शब्दाला लागतो, आणि तो शब्द तुमच्या तोंडात होता, आणि तुम्ही त्या माणसाला शहाळ्यातली मलई कशी काढायची ते सांगत होता.

तो गेल्यावर मी विचारलं. सरळ विचारलं. "मघाशी काय म्हणत होता? अक्षरांचं?"

"कवा?"

"आता. तो यायच्या आधी. ती चूक तुझी, म्हणालात. पुढं?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ओळखीच्या डोळ्यांनी बघितलंत, भ्रमात नव्हता. "काय न्हाय," म्हणालात, आणि कुशीवर वळलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला शुद्ध नव्हती, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आक्कांना हे सांगितलं तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अगं, म्हणाला की मग! चूक तुझी काय न्हाय, असंच म्हणाला की माझा भाऊ! आणि काय पायजे तुला?" दोन तुकडे पटकन जोडून त्या मोकळ्या झाल्या आणि डोळ्याला पदर लावून बसल्या. भावाचं मन किती मोठं म्हणून.

जोडता मलाही येतं. शेवटी आलेला नकार उचलायचा आणि त्याच्या जागेवर नेऊन बसवायचा, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? मधे कितीही पाऊसपाणी आणि शहाळी आली तरी ओळ एकच धरायची. माझ्या नियमानं वाचलं तर तुम्ही मला सोडवून गेलात. तुमच्या नियमानं वाचलं तर 'ती चूक तुझी' आणि खेळ खलास, पुढचं 'काय न्हाय' ही त्या नावाची दुसरीच कुठली तरी फाईल. कुठल्या नियमानं वाचायचं ते सुद्धा माझ्यावर टाकून गेलात. आणि येणारे-जाणारे म्हणतात, सरांनी सगळं आवरून ठेवलं होतं.

दोन्ही नियमांनी वाचून बघितलं मी. भांडी घासताना, आंघोळ करताना, माणसांना चहा देताना. कधी वाटतं, तुम्हाला म्हणायचं होतं आणि जीभ रेटली नाही. कधी वाटतं, म्हणायचंच नव्हतं, मी वाकलेली बघून तुम्हाला गंमत वाटली. तुम्हाला चांगलं ओळखते म्हणून दोन्ही खरं वाटतं. तुमच्यासाठी तो एक शब्द मी माझ्या पदरचा घालावा असं आक्कांना वाटतं, तुमच्या पोरांना वाटेल, सगळ्या कोल्हापूरला वाटेल. मी घालणार नाही. तुमचं वाक्य आहे, अर्धंच राहू दे.

काल सगळी गेल्यावर आक्कांनी विचारलं, "मग आता मनात काय ठेवलं न्हाईस न्हवं? माफ केलंस न्हवं त्येला?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. त्यांना कशाला देऊ? ते तुम्हाला द्यायचं होतं. आता तुम्हाला कुठं जायचं नाही, पंखा बंद करायला उठायचं नाही, कुणी नारळपाणी घेऊन यायचं नाही. नीट ऐका, शेवटच्या शब्दापर्यंत थांबा.

अहो, मी तुम्हाला माफ केलेलं